भोवत्यांचा रातथारा: मोजणी आणि छायाचित्रण एकाच संध्याकाळी साधता येईल का?

माळवाट यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. दख्खनच्या पठारावरील एका माळरानावर, गुडघ्याएवढ्या ते कमरेएवढ्या गवतात, हिवाळा सुरू झाल्यापासून भोवत्या पक्षी, म्हणजे ज्यांना आपण बोलताना सर्रास हॅरियर म्हणतो ते, संध्याकाळी रात्र काढण्यासाठी एकत्र उतरताना दिसत आहेत. त्यांच्या या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेलाच रातथारा म्हणतात. हे माळरान अभयारण्यात मोडत नाही. त्याचा काही भाग गायरान आहे आणि काही खासगी मालकीचा. पश्चिमेच्या कडेने एक गाडीवाट जाते आणि तिच्यापासून पक्षी उतरतात ते गवत साधारण चारशे मीटरवर आहे.

आम्ही चार-पाच जण आहोत. संपूर्ण हिवाळाभर ठरावीक अंतराने मोजणी करावी आणि त्याचबरोबर ओळख पटण्याजोगी चांगली छायाचित्रेही मिळवावीत, असा विचार आहे. अडचण अशी की छायाचित्रणासाठी जवळ जावेसे वाटते आणि मोजणीसाठी लांबून संपूर्ण परिसर दिसायला हवा. उभे कोठे राहावे, किती वाजता पोहोचावे, गाडीत बसावे की लपण (लपून बसण्याचा आडोसा) उभारावे, आणि प्रकाश उतरल्यावर कॅमेऱ्याची मांडणी कशी ठेवावी, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे. शक्यतो दोन्ही कामे एकाच फेरीत व्हावीत अशी इच्छा आहे.

गवतकाठ यांचे उत्तर

दोन्ही कामे एका संध्याकाळी होऊ शकतील, पण एका माणसाकडून होणार नाहीत, आणि एका जागेवरून तर मुळीच नाहीत. कारण दिशेचे आहे. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य नैर्ऋत्येच्या बाजूला मावळतो. छायाचित्रकाराला तो पाठीशी हवा असतो, म्हणून त्याची जागा रातथाऱ्याच्या नैर्ऋत्येला किंवा पश्चिमेला. मोजणाऱ्याचे खरे काम मात्र सूर्य बुडाल्यावर सुरू होते आणि त्या वेळी उजेड उरतो तो फक्त मावळतीच्या आकाशात. त्या उजेडाच्या पडद्यावर पक्ष्याची काळी आकृती उमटावी, यासाठी मोजणाऱ्याने ईशान्येला किंवा पूर्वेला बसून मावळतीकडे तोंड करायचे असते. तुमची गाडीवाट पश्चिमेला आहे, म्हणजे ती छायाचित्रकारांना सोयीची आणि मोजणीला गैरसोयीची. मोजणीसाठी दोघांनी दुपारीच मोठा वळसा घालून पलीकडे जावे.

वेळेचे गणित असे. पहिले पक्षी सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून परिसरात दिसू लागतात, परंतु ते लगेच रातथाऱ्यात उतरत नाहीत. आसपासच्या नांगरलेल्या रानात, बांधावर किंवा उघड्या मुरमाड जागेवर वाऱ्याकडे तोंड करून ते बसून राहतात. ही रातथाऱ्याची ओसरी म्हणावी अशी जागा असते आणि ती शोधून ठेवणे मोजणीइतकेच महत्त्वाचे आहे. खरी रीघ लागते ती सूर्यास्ताच्या आगेमागे. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्यास्तानंतर दुर्बिणीने काम करण्याजोगा संधिप्रकाश सुमारे २० ते २५ मिनिटे टिकतो. त्यानंतर जे पक्षी येतात ते निसटतातच, म्हणून मोजणी थांबवण्याची वेळ सूर्यास्ताशी जोडून आधीच ठरवावी आणि प्रत्येक वेळी तीच पाळावी. नाहीतर डिसेंबरचा आकडा आणि फेब्रुवारीचा आकडा यांची तुलना करता येत नाही.

मोजताना जमिनीलगत बसावे. उभ्याने पाहिले तर गवताच्या शेंड्यांवरून सरकत येणारा भोवत्या मागच्या काळोख्या रानात विरघळून जातो. खाली बसले की तोच पक्षी क्षितिजरेषेच्या वर येतो आणि स्पष्ट दिसतो. प्रत्येकाने परिसराचा एक ठरलेला पट्टा घ्यावा, दर पाच मिनिटांचे आकडे वेगळे ठेवावेत, आणि येणारे जसे मोजाल तसे बाहेर पडणारेही मोजावेत. भोवत्या एकदा उतरला म्हणजे निजला असे नसते. पाय खाली सोडून तो गवतावर क्षणभर थबकतो, आत पडतो, पुन्हा वर येतो, चार हात सरकून दुसरीकडे पडतो, कधी उठून मोठी घिरटी घेऊन पलीकडून परत येतो. हा घोळ लक्षात न घेतल्यास एकच पक्षी तीनदा मोजला जातो. म्हणून आलेले वजा गेलेले, हीच बेरीज खरी. आकडे वहीत लिहायला मान खाली घालू नये. मोबाइलच्या रेकॉर्डरवर बोलत राहावे आणि नंतर उतरवून घ्यावेत.

कधीकधी कोल्हा गवतातून जातो आणि सारेच्या सारे पक्षी एकदम हवेत उठतात. अशा वेळी हवेतील पक्षी झटकन मोजून घ्यावेत, बेरजेची पडताळणी आपोआप होते. मात्र आकडा हवा म्हणून पक्षी मुद्दाम उठवणे मला कोणत्याही सबबीखाली मान्य नाही. जमिनीवर रात्र काढणाऱ्या पक्ष्याला काळोख पडल्यावर पुन्हा जागा शोधायला लावणे म्हणजे त्याला कोल्ह्याच्या आणि रानमांजराच्या तोंडी देणे होय.

गुजरातेतील भावनगर जिल्ह्यात वेळावदर येथे जगातील मोठ्या ज्ञात रातथाऱ्यांपैकी एक आहे. तेवढ्या विस्तारावर मोजणीला अनेक माणसे लागतात. तुमचे क्षेत्र लहान असल्यास दोन मोजणारे पुरतील आणि उरलेल्यांना कॅमेरा हाती घेता येईल.

शेवटचा उजेड यांचे उत्तर

दिशेविषयी वर जे लिहिले आहे त्यात छायाचित्रकाराच्या बाजूने एक भर घालतो. सूर्याइतकाच वारा महत्त्वाचा आहे. भोवत्या वाऱ्याला सामोरा होऊन उतरतो. हिवाळ्यातील वारा आपल्याकडे बऱ्याचदा ईशान्येकडून येतो. म्हणजे तुम्ही सूर्य पाठीशी घेऊन नैर्ऋत्येला बसलात, तर उतरणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची शेपटी छान उजळलेली दिसेल आणि चेहरा एकाचाही नाही. अशा दिवशी मी वायव्येकडची बाजू घेतो. प्रकाश थोडा तिरपा मिळतो, पण पक्षी आडवा जाताना मिळतो आणि पंखांची वरची आणि खालची अशी दोन्ही बाजू पाहायला मिळते. बसण्यापूर्वी गवताचे तुरे कोणत्या बाजूला झुकले आहेत हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. रातथाऱ्याचे छायाचित्र रातथाऱ्यावर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे पक्षी येतात तेव्हा प्रकाश संपलेला असतो, अंतर कमी करण्याचा मोह होतो, आणि निष्पन्न होते ते दाणेदार करडे चित्र. याउलट, वर ज्या उघड्या जागांचा उल्लेख आला आहे तेथे आणि तेथून रातथाऱ्याकडे येणाऱ्या वाटेवर सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात उत्तम काम होते. भोवत्यांच्या येण्याच्या वाटा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. ओढ्याची रेघ, बांध, दोन शेतांमधील पडीक पट्टा यांच्या कडेने ते खालून येतात. दोन-तीन संध्याकाळी नुसत्या दुर्बिणीने पाहून अशी एक वाट हेरावी आणि तिच्या बाजूला, रातथाऱ्यापासून दूर, गाडी लावून बसावे. पक्षी आपणहून जवळून जातो.

मांडणीविषयी: ४०० ते ६०० मिमीची लेन्स पुरेशी आहे. चांगला प्रकाश असेपर्यंत शटर स्पीड १/१६०० च्या खाली आणू नये. भोवत्याचे उड्डाण संथ वाटले तरी तो ऐनवेळी अंग मुडपून वळतो आणि पंखांची टोके हलतात. सूर्य क्षितिजाला टेकला की मी टप्प्याटप्प्याने १/५०० पर्यंत उतरतो आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० पर्यंत जाऊ देतो. त्यापुढे ओळखीचे छायाचित्र निघत नाही, मग केशरी आकाशावरील काळ्या आकृत्या टिपाव्यात किंवा सरळ कॅमेरा ठेवून मोजणाऱ्यांना हातभार लावावा. फ्लॅश कधीही वापरू नये.

एक्सपोजर मॅन्युअल ठेवणे श्रेयस्कर. राखाडी-पांढरा नर गडद गवतासमोरून जाताना कॅमेऱ्याचे मीटर गवताला भुलते आणि पक्ष्याच्या अंगावरील सारे तपशील पांढरे होऊन उडून जातात. तोच पक्षी क्षणात आकाशासमोर गेला की काळवंडतो. पक्ष्यावर पडणारा प्रकाश मात्र दोन्ही वेळी तोच असतो. मोकळ्या गवतावर प्रकाश मोजून घ्यावा, चाचणीचे चित्र काढून पांढऱ्या भागातील तपशील शिल्लक आहे ना ते पाहावे, आणि दर पाच-सात मिनिटांनी उतरत्या प्रकाशाप्रमाणे बदल करावा. ऑटोफोकस गवताच्या तुऱ्यांवर जाऊन अडकतो, त्यामुळे लेन्सवर फोकसची मर्यादा घालण्याची कळ असेल तर जवळचा टप्पा बंद करून टाकावा.

एका गोष्टीचा दोष लोक विनाकारण लेन्सला देतात. दुपारी चार-साडेचारला चारशे मीटरवरील पक्षी कितीही काळजीपूर्वक टिपला तरी मऊ येतो. तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेच्या लहरींमुळे चित्र थरथरते आणि महागडी लेन्स त्यावर काहीही करू शकत नाही. जमीन निवू लागली की हा दोष कमी होतो. म्हणून लवकर पोहोचावे ते पाहण्यासाठी आणि पक्ष्यांना आपली सवय होण्यासाठी. त्या वेळी शेकडो चित्रे काढण्यात अर्थ नाही.

बांधावरचा यांचे उत्तर

लपणाविषयी थोडक्यात. तुमच्याकडे गाडीवाट आहे, तर गाडीच वापरा. माळावरचे पक्षी गाडी, बैलगाडी, मेंढरांचा कळप, गुराखी यांना ओळखतात. त्यांना बुजवते ती गाडीतून अचानक बाहेर पडणारी माणसाची उभी आकृती. खिडकीच्या काठावर वाळूची किंवा धान्याची पिशवी ठेवून लेन्स टेकवावी, इंजिन बंद ठेवावे आणि पूर्ण काळोख पडेपर्यंत दार उघडू नये. निघतानाही हेडलाइट रातथाऱ्याच्या दिशेला वळणार नाहीत अशा बेताने गाडी आधीच तोंड फिरवून लावलेली असावी. हे शेवटचे फार थोडे लोक करतात.

पूर्वेच्या बाजूला बसणाऱ्या मोजणाऱ्यांनी बांधाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला बसावे, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसू नये. कापडी लपण उभारायचेच असेल तर ते भर दुपारी, पक्षी दूर शिकारीला गेलेले असताना उभारावे आणि रातथाऱ्यापासून किमान तीनशे मीटर लांब ठेवावे.

माझ्या मते सकाळकडे दुर्लक्ष होते. पक्षी पहाटे उजाडता उजाडता निघू लागतात, पण दव जास्त असेल तेव्हा काही जण ढेकळावर किंवा मातीच्या उंचवट्यावर बसून पिसे साफ करीत, अंग वाळवीत राहतात. बसलेल्या भोवत्याचा चेहरा, घुबडासारखी पिसांची ती तबकडी, जिच्या मदतीने तो गवतातील उंदराची खसखस ऐकतो, नीट दिसण्याची संधी तेव्हाच मिळते. अट एकच. तुम्ही अंधारात येऊन बसलेले असले पाहिजे.

माळवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गट करण्याचे ठरवले आहे: दोघे ईशान्येला मोजणीसाठी आणि उरलेले गाडीत, येण्याच्या वाटेवर.

आणखी दोन शंका आहेत. नर ओळखता येतात, परंतु तपकिरी पक्ष्यांचे काय करावे? मोजणीत ते बहुसंख्य आहेत आणि आमच्यापैकी दोघांचे त्यावर रोज वाद होतात. दुसरे असे की दुपारी गवतात जाऊन त्यांनी टाकलेले उलटीचे गोळे (भक्ष्याच्या न पचलेल्या भागांचे) गोळा केल्यास आहार कळेल का, आणि असे करणे योग्य आहे का?

पिसारा यांचे उत्तर

तपकिरी पक्ष्यांविषयी सर्वप्रथम एक दिलासा: संध्याकाळच्या मोजणीत त्यांची जात ठरवण्याचा आग्रह धरू नये. नोंदवहीत ‘तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा’ असा एक स्वतंत्र रकाना ठेवावा. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या या दोहोंच्या माद्या आणि लहान वयाचे पक्षी त्यात येतील. दलदली भोवत्या मात्र निराळा काढता येतो. तो अंगाने भारी, पंखांनी रुंद, आणि त्याची मादी गडद चॉकलेटी रंगाची असून तिच्या डोक्यावर आणि गळ्यावर फिकट पिवळसर रंग असतो.

छायाचित्रावरून ओळखताना नरांपासून सुरुवात करावी. पांढुरक्याचा नर अतिशय फिकट असतो, पोटावर रेघा नसतात, आणि पंखाच्या टोकाला काळ्या रंगाची निमुळती पाचर असते. माँटेग्यूचा नर अधिक गडद राखाडी असतो, पंखाचे टोक बरेच जास्त काळे असते, पंखाच्या वरच्या बाजूला आडवी काळी पट्टी असते, आणि कुशीवर तांबूस रेघा दिसतात. ती आडवी पट्टी दिसली की वाद मिटतो, म्हणून वळणाऱ्या पक्ष्याचे वरून दिसणारे चित्र टाकून देऊ नये, भले ते देखणे नसो.

माद्यांच्या बाबतीत पोटाकडून फारसे काही हाती लागत नाही, मान आणि पंखाखालची बाजू पाहावी. पांढुरक्याच्या मादीला कानाजवळच्या गडद डागामागे फिकट कंठपट्टा असतो आणि त्यामागे मानेची बाजू पुन्हा गडद असते. पंखाखालची, अंगाकडची पिसेही काळपट दिसतात. माँटेग्यूच्या मादीत तो कंठपट्टा जवळपास नसतो आणि पंखाखालचे आडवे पट्टे ठळक, सुटे दिसतात.

येथे एक सापळा आहे आणि तुमच्या मित्रांचा वाद बहुधा त्यातूनच निघत असावा. दोन्ही जातींच्या पहिल्या हिवाळ्यातील पक्ष्यांचे पोट एकसंध तांबूस असते, त्यावर रेघा नसतात. प्रौढ मादीचे पोट फिकट असून त्यावर उभ्या रेघा असतात. सूर्यास्ताच्या तांबड्या उजेडात मात्र प्रत्येक मादी तांबूस दिसते. छायाचित्रातील रंगावर विसंबून वय ठरवल्यास ‘यंदा पिले फार आहेत’ असा निष्कर्ष निघतो, जो निव्वळ उजेडाचा परिणाम असू शकतो. म्हणून रेघा आहेत की नाहीत तेवढेच पाहावे. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातील रंगछटेची मांडणी) ‘डेलाइट’वर कायम ठेवला तर निदान एका संध्याकाळची चित्रे परस्परांशी ताडून पाहता येतात.

उलटीच्या गोळ्यांविषयी: आहार निश्चितच कळतो. प्रत्येक पक्षी गवत तुडवून स्वतःपुरते लहानसे अंथरूण तयार करतो आणि तेथे पांढऱ्या शिटेबरोबर हे गोळे सापडतात. आपल्या माळरानांवर त्यांत नाकतोड्यांचे आणि टोळांचे जबडे, पाय भरपूर असतात, त्याखेरीज उंदरांचे केस आणि लहान पक्ष्यांची पिसे. घुबडाच्या गोळ्यात जशा कवट्या अखंड मिळतात तशा येथे मिळणार नाहीत, कारण भोवत्यासारख्या दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या पोटातील आम्लात हाडे बरीचशी विरघळतात. याचा अर्थ नुसत्या हाडांवरून अंदाज बांधल्यास उंदरांचे प्रमाण कमी भरेल.

तरीही हंगामात गवतात शिरू नये असे मी सांगेन. माणूस चालला की गवत आडवे होते, वाट पडते, आणि त्याच वाटेने रात्री कुत्री व कोल्हे जातात. एप्रिलमध्ये शेवटचा पक्षी मध्य आशियातील गवताळ प्रदेशाकडे निघून गेला की खुशाल जावे. कोरड्या हवेत बरेच गोळे तोवर टिकून असतात. कीटकांचे अवशेष असलेले गोळे ठिसूळ असतात, ते कागदी पुडीत एकेक वेगळे ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही.

गवतकाठ

एक गोष्ट राहून गेली, ती ठिकाणाविषयी. जागेचे नाव समाजमाध्यमांवर टाकू नये हे तुम्ही जाणताच, पण छायाचित्राच्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद राहते, तीही काढून टाकावी. मोबाइलवर काढलेल्या चित्रांत ती बहुधा असते. ठिकाण प्रसिद्ध झाल्यास पुढच्याच रविवारी गवताच्या कडेला दहा गाड्या उभ्या राहतील आणि त्यातल्या एकाला तरी ड्रोन उडवावासा वाटेल.

मात्र एका माणसापासून ठिकाण लपवून चालणार नाही, आणि तो म्हणजे गवताचा मालक. तुमचा रातथारा चाऱ्यासाठी राखलेल्या गवतात आहे असे वर्णनावरून दिसते. पावसाळा संपल्यावर त्याची कापणी होतेच आणि कापलेल्या गवतात भोवत्या रात्र काढीत नाही. ते गवत त्यांच्या गुरांचे वर्षाचे वैरण आहे, तेव्हा ‘कापू नका’ असे सांगायला जाऊ नये. पक्षी नेमके कोणत्या पट्ट्यात उतरतात हे तुम्हाला मोजणीतून कळलेले असेल. तेवढा पट्टा सर्वांत शेवटी कापावा आणि कापणी कडेकडून सुरू करावी, एवढीच विनंती करावी. टोळ आणि उंदीर खाणारा पक्षी आहे हे सांगितले की शेतकऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. गायरानाच्या भागासाठी ग्रामपंचायतीशी बोलावे आणि तेथे जाताना काढलेले एखादे छायाचित्र छापून न्यावे, तपकिरी मादीचे न्यावे. गावातील लोकांनी नर क्वचितच निरखलेला असतो, पण ती त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असते.